'होईल ना?' मधला 'ना'

या आठवड्याचं पत्र, थोडं काटछाट करून:

प्रिय ताई,
मी मूळचा कराडचा. ११ वर्षं हिंजवडीत काढली आणि गेले दहा महिने नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला डिलिव्हरी मॅनेजर आहे. हाताखाली १४ जण, ५ डच इथे आणि ९ जण पुण्यात. एप्रिलमध्ये क्लायंटच्या कॉलवर मी रिलीजची तारीख सांगितली, तर आमचाच २७ वर्षांचा एक डच इंजिनिअर सगळ्यांसमोर म्हणाला, "या तारखेवर माझा विश्वास नाही." क्लायंट ऐकतोय, पुण्याची टीम ऐकतेय! मी "आपण नंतर बोलू" म्हणून विषय संपवला. पण कान गरम झाले होते.
दुसरीकडे पुणे. रोज संध्याकाळी साडेचारच्या कॉलवर विचारायचो, "होईल ना?" रोज उत्तर, "हो सर, होऊन जाईल." लीडने एकदा चॅटवर लिहिलं होतं, "सर, थोडं टाइट आहे." पण होणार नाही असं कुणी म्हणालं नाही. शेवटच्या शुक्रवारी रात्री कळलं, तीन मॉड्यूल अर्धवट. तारीख शेवटी चुकलीच, पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा की इथले मान ठेवत नाहीत आणि तिथले खरं बोलत नाहीत.
त्यात एक डच सहकारी आजारी पडली. आपुलकीने विचारलं, काय झालंय? तर एचआरची मेल, असं विचारायचं नसतं! आणि सहामाही रिव्ह्यूमध्ये माझी डच बॉस म्हणाली, "तू भला माणूस आहेस, पण तुला काय वाटतं ते कुणालाच कळत नाही."
पुण्याशी कडक वागू आणि इथल्यांशी नरम, की उलट? दोन मुखवटे किती दिवस वागवायचे?
– आइंडहोव्हनचा 'सर'

नमस्कार सर,

(पत्राखाली तुम्हीच तशी सही केलीत म्हणून म्हणते.)

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याला अडखळले. "तारीख शेवटी चुकलीच, पण तो मुद्दा नाही." अहो, मुद्दा तोच आहे. तो पोरगा बरोबर होता. त्याला बोलायची रीत होती की नव्हती हे आपण नंतर बघू, पण त्याने सांगितलं ते खरं निघालं. आणि पुण्यातल्या लीडचं "थोडं टाइट आहे" हेही तेच सांगणं होतं, फक्त आपल्या बोलीत. एकच बातमी दोन दारांनी तुमच्याकडे आली. एका दाराने ती ओरडत आली म्हणून तुम्हाला राग आला, दुसऱ्या दाराने कुजबुजत आली म्हणून ऐकू गेली नाही.

"पुण्याचे लोक खरं बोलत नाहीत" हे वाचून तर मला हसूच आलं. ज्या गावात माणूस स्वतःच्या फाटकावर पाटी लावतो की इथे गाडी लावाल तर हवा सोडली जाईल, दुपारी १ ते ४ बेल वाजवाल तर दार उघडणार नाही, त्या गावाला तुम्ही स्पष्टवक्तेपणाचे धडे देणार? नेदरलँड्समधला अट्टल फटकळ माणूस सदाशिव पेठेत आणून सोडा, तोही आठवडाभरात नरम पडेल. मग फाटकावर पाटी लावणारा हाच माणूस सोमवारी हिंजवडीत लॅपटॉप उघडून "हो सर" का म्हणतो? कारण फाटक त्याचं स्वतःचं आहे. अप्रेझल तुमच्या हातात आहे, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता त्या अप्रेझलवर आहे, आणि ऑनसाइटला, म्हणजे परदेशातल्या कामावर, पुढचा नंबर कुणाचा लावायचा हेही तुम्हीच सांगणार आहात.

तुमच्या डच इंजिनिअरच्या मागे काय उभं आहे तेही बघा. त्याचं कंत्राट कायमचं असेल, तर त्या देशात मालकाला मनात आलं म्हणून माणूस काढता येत नाही. आर्थिक कारण असेल तर यूडब्ल्यूव्ही नावाच्या सरकारी संस्थेची परवानगी लागते, पटत नाही म्हणून काढायचं तर कोर्टात जावं लागतं. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत कामगारांची निवडून आलेली समिती असावी लागते आणि मोठ्या बदलांआधी व्यवस्थापनाला तिचा सल्ला घ्यावा लागतो. १९८२ साली वासेनार गावी युनियन आणि मालक एका टेबलाशी बसून पगारवाढ आवरायची आणि कामाचे तास कमी करायचे यावर करार करून उठले, ती त्यांच्याकडे अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. अशा मातीतला पोरगा "विश्वास नाही" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात बंड नसतं. मीटिंग ही वाद घालायचीच जागा, मला बोलावलं ते माझं मत हवं म्हणून, अशी त्याची सरळ समजूत असते. गप्प बसला असता तर त्यालाच कामचुकारपणा वाटला असता.

तुम्ही त्याला "आपण नंतर बोलू" म्हणालात. पुण्याच्या नऊ जणांना त्याचा अर्थ लगेच कळला: विषय बंद. पण तो बिचारा अजून त्या 'नंतर'ची वाट बघत असणार!

'आशियाई' आणि 'पाश्चात्त्य' अशा दोन फडताळांत माणसं लावून ठेवायची सवय मलाही होती. पर्सोनेलमध्ये ३१ वर्षं काढली, आधी जपानी भागीदारीच्या आणि मग युरोपीय मालकीच्या कारखान्यात, आणि ती फडताळं हळूहळू मोडली. जपानी साहेबासमोर सगळे कमरेत वाकतात, पण निर्णयाचा कागद पुष्कळदा खालून निघतो आणि शिक्के घेत घेत वर जातो, त्याला ते रिंगी म्हणतात. अमेरिकन साहेब पहिल्या दिवशी "मला नावाने हाक मार" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी निर्णय एकटाच घेऊन मोकळा होतो. डच माणूस अमेरिकनासारखा नावाने हाक मारतो आणि जपान्यासारखा सगळ्यांना विचारत बसतो, फक्त विचारतो उघड्यावर. तर यातलं आशियाई कुठलं आणि पाश्चात्त्य कुठलं? देशादेशांतलं साहेब आणि हाताखालचे यांच्यातलं अंतर आकड्यांत मांडणारा गेर्ट हॉफस्टेड हा संशोधकही डचच. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवरून त्याने काढलेल्या तक्त्यात भारत ७७ आणि नेदरलँड्स ३८, आकडा मोठा तितकं अंतर जास्त. आकडे खोटे नाहीत, पण ती सरासरी आहे. सरासरी काही तुमच्या कॉलवर येऊन बसत नाही.

आता एक डच गोष्ट सांगते, जरा जड आहे. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांतल्या तेनेरिफच्या विमानतळावर दाट धुकं. केएलएम या डच विमान कंपनीचं जंबो धावपट्टीच्या एका टोकाला उभं, पॅन अॅम या अमेरिकन कंपनीचं जंबो त्याच धावपट्टीवर मध्ये कुठेतरी. केएलएमचा कॅप्टन म्हणजे कंपनीच्या ७४७, म्हणजे जंबोच्या, प्रशिक्षणाचा प्रमुख, जाहिरातींत फोटो झळकणारा माणूस. उशीर झालेला आणि ड्यूटीच्या तासांचे डच नियम कडक, वेळ टळली की विमान तिथेच अडकणार. कॅप्टनने घाईने पहिल्यांदा थ्रॉटल पुढे केले तेव्हा सहवैमानिकाने त्याला आठवण करून दिली की अजून परवानगी मिळालेली नाही. दुसऱ्यांदा विमान निघालं तेव्हा त्याने अडवलं नाही. विमान धावू लागलं आणि मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला रेडिओवरच्या बोलण्यावरून शंका आली. त्याने विचारलं, "ते पॅन अॅम अजून बाहेर पडलेलं नाही का?" कॅप्टन ठामपणे म्हणाला, "पडलंय की." इंजिनिअर पुढे काही बोलला नाही. काही सेकंदांत टक्कर. ५८३ माणसं गेली.

हा फ्लाइट इंजिनिअर डच होता बरं का. जगातल्या अतिफटकळ म्हणवणाऱ्या लोकांतला. "थांबवा!" असं तोही ओरडला नाही, त्याने प्रश्नार्थक सुरात विचारलं, कारण समोर बसलेला माणूस त्याच्या दुनियेतला सगळ्यात मोठा सर होता. "सर, थोडं टाइट आहे" आणि "बाहेर पडलेलं नाही का?" ही दोन वाक्यं मला एकाच घरातली वाटतात. त्या आणि तशा अपघातांनंतर विमान कंपन्यांनी संस्कृतीवर भाषणं देऊन भागवलं नाही. कॉकपिटमध्ये शंका कशी बोलायची आणि कॅप्टनने ती कशी ऐकायची, याचं रीतसर शिक्षण सुरू केलं. शंका पुसट आली तरी ती ऐकण्याची जबाबदारी कॅप्टनचीही आहे, हा त्यातला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग.

माझा स्वतःचा फजितवाडाही सांगते. भोसरीच्या कारखान्यात असताना मी नव्या शिफ्टचं वेळापत्रक केलं. सुपरवायझरांना बोलावलं, कागद वाटले, विचारलं, "जमेल ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. ते लागू व्हायच्या पहिल्याच दिवशी सकाळी सहाची बस आली ती जवळपास रिकामी. माउलींची पालखी त्या दिवशी आळंदीहून पुण्याकडे निघालेली, दिघीचा रस्ता वाहनांना बंद, निम्मी माणसं पलीकडे अडकलेली आणि उरलेली पालखीच्या दर्शनाला. मानडोलाव्यांपैकी दोघे तर आळंदीचेच राहणारे! मी संतापून विचारलं, सांगितलं का नाही? त्यातला एक शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही ठरवलं म्हणजे बघूनच ठरवलं असणार."

आमचा जपानी इंजिनिअर तेव्हा शॉपफ्लोअरवरच होता. त्याने मला एवढंच विचारलं, "मीटिंगच्या आधी कुणाकुणाला भेटलात?" कुणालाच नाही. मग त्याने नेमावाशी हा शब्द समजावून दिला. मोठं झाड एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायचं तर माळी आधी कितीतरी दिवस मुळांभोवती खणून तयारी करतो, ते. मीटिंगच्या आधी एकेकाला गाठायचं, चहा पीत विचारायचं, कुठे अडेल? त्याची स्वतःची सवयही बघण्यासारखी होती. ऑपरेटरला "समजलं का?" असं तो कधी विचारत नसे. "आता तू मला करून दाखव" म्हणायचा आणि हात मागे बांधून मशीनपाशी उभा राहायचा. करून दाखवताना माणूस जिथे थबकेल तिथे त्याची पेन्सिल वहीत चालायची. ऑपरेटरला खोटं बोलावंही लागलं नाही आणि खरं बोलायचं धाडसही करावं लागलं नाही.

तुमच्या "होईल ना?" कडे या नजरेने बघा. त्यातला तो 'ना' आहे ना, तो उत्तर सोबत घेऊनच येतो. "जेवणार ना?" "येणार ना?" यावर नाही म्हणायचं तर मराठी माणसाला कारण तयार ठेवावं लागतं, चेहरा ओशाळवाणा करावा लागतो. रोज तोच प्रश्न विचारून तुम्ही रोज नऊ जणांकडून हमीपत्रावर सही घेत होतात, आणि शुक्रवारी म्हणालात, फसवलं. प्रश्न बदला. "शुक्रवारी हे झालं नाही तर कशामुळे झालं नसेल?" असं विचारा. "आज कुठे अडलं?" विचारा, "अडलं का?" नको. आणि सगळ्यात ज्युनिअर मुलाला पहिल्यांदा बोलू द्या, लीड बोलून गेल्यावर तो वेगळं काही सांगेल ही आशा सोडा. "बघतो", "ट्राय करतो", "करून टाकू" ही उत्तरं होकार म्हणून लिहून घेऊ नका. आपल्याकडे लग्नाच्या स्थळाला "बघू" म्हणून कळवलं की समोरचे दुसरं स्थळ शोधायला लागतात, हे तुम्हाला कराडहून येताना माहीत होतंच की!

पण नुसत्या प्रश्नांनी भागणार नाही. पुण्याची नऊ माणसं एका गोष्टीकडे डोळे लावून बसलेली असतात: पहिली वाईट बातमी आणणाऱ्याचं पुढे काय होतं. त्यांनी ते पाहिलंय. एप्रिलच्या त्या कॉलवर एक जण खरं बोलला आणि साहेबांनी विषय बंद केला. त्यानंतर तुम्ही पुण्याशी कितीही कडक वागा, हो-ची संख्या वाढेल, कामाची नाही. म्हणून पहिलं काम पुण्यात नाही, आइंडहोव्हनमध्येच आहे. दोन्हीकडची माणसं असलेल्या पुढच्या कॉलवर, क्लायंट नसताना, सांगून टाका: "एप्रिलची तारीख मी दिली होती. ती चुकीची आहे हे याने त्याच वेळी सांगितलं, ते बरोबर होतं. मी तेव्हाच थांबून ऐकायला हवं होतं." एवढंच. त्यावर स्पष्टीकरण नको आणि विनोद तर नकोच. इथे तुमची मान खाली जाईल असं तुम्हाला वाटतंय. डच टीमच्या लेखी ही रोजची गोष्ट आहे, कुणाची भुवईसुद्धा हलणार नाही. पुण्यात मात्र कॉल संपल्यावर पाच मिनिटांत खासगी ग्रुपवर चर्चा सुरू होईल, आणि ती तुमच्या फायद्याची असेल.

त्या मुलाशी एकट्याने बोलायचं ते वेगळं. "क्लायंटसमोर तारखेवर शंका आली तर मला आधी सांग" ही अपेक्षा रास्त आहे, ती त्याला सरळ शब्दांत सांगा, तो रागावणार नाही. फक्त आधी स्वतःला एक विचारा: तुम्ही ती तारीख कॉलच्या आधी त्याला दाखवली होती का? नसेल, तर त्याने 'आधी' सांगायचं कधी?

आता तुमचे मुखवटे. मला वाटतं मुखवट्यांची गरजच नाही, बोलण्याचा क्रम तेवढा बदलायचाय. डच टीमसमोर तुम्ही आधी बोला. "मला वाटतं ही तारीख दोन आठवडे पुढे न्यावी, कारण चाचणीला माणूस नाही." तुमची बॉस तेच मागतेय, आणि तिचं वाक्य जसंच्या तसं घ्या, त्यामागे टोमणा शोधत बसू नका. तिथे तुमचं मत म्हणजे टेबलावर ठेवलेलं सामान, लोक ते उलटून-पालटून बघतील, दोघे नापसंत करतील, तरी घाबरून लगेच मागे घेऊ नका. पुण्याच्या टीमसमोर मात्र तुम्ही शेवटी बोला. तिथे तुम्ही आधी बोललात की ते मत राहत नाही, आदेश होतो, आणि नऊ माना डोलतात. आणखी एक, पुण्याच्या माणसाची चूक डच सहकाऱ्यांसमोर काढू नका. ती खालच्या आवाजात, एकट्याला फोन करून सांगा, तो दुप्पट ऐकेल. हे ढोंग नव्हे. घरी आजोबांशी आणि धाकट्या भावाशी आपण एकाच सुरात बोलतो का?

'सर' म्हणणं बंद करा असा फतवा मात्र काढू नका. असे फतवे मी पाहिलेत. आठवडाभर सगळे अवघडून नावाने हाक मारतात, मग वाक्यातून संबोधनच गाळायला लागतात.

आजारी सहकाऱ्याचं थोडक्यात. एचआरने तुम्हाला तुसडेपणाने लिहिलं असेल तर ते चूक, पण म्हणणं बरोबर आहे. नेदरलँड्समध्ये आजार कुठला आणि कशामुळे हे मालकाने किंवा साहेबाने विचारायचं नसतं, ते कंपनीच्या डॉक्टरचं काम. आजारी माणसाला दोन वर्षांपर्यंत पगाराचा किमान ७० टक्के हिस्सा मालकाने द्यायचा असतो, आणि साहेबाला आजार कळला तर उद्या त्यावरून माणसाची किंमत ठरेल, ही त्यामागची भीती. तुम्ही विचारू शकता ते एवढंच की साधारण कधीपर्यंत सुटी लागेल आणि कुठलं काम दुसऱ्याकडे द्यायचं. आपुलकी दाखवायचीच असेल तर "लवकर बरी हो"चं एक कार्ड पोस्टाने पाठवा. कार्ड पाठवण्याची त्या लोकांना भारी हौस.

राहिला तो साडेचारचा कॉल. सध्या तुमच्याकडे उन्हाळी वेळ आहे, म्हणजे तुमचे साडेचार हे पुण्याचे रात्रीचे आठ. त्या वेळी तुमची लीड एका कानात इयरफोन घालून कुकरच्या शिट्ट्या मोजत असेल, नाहीतर वाकड पुलाखाली अडकलेल्या कॅबमध्ये असेल. तिथून "नाही होणार सर" म्हणायचं म्हणजे पुढचा अर्धा तास समजावत बसायचं. माणूस "हो सर" म्हणून फोन ठेवेल नाहीतर काय करेल? कॉल तुमच्या सकाळी नऊला घ्या, तिकडे साडेबारा वाजलेले असतील. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की तेच दीड होतील, तेव्हा तासभर अलीकडे सरका, नाहीतर लोकांच्या डब्यावर याल.

आणि त्या पहिल्या नऊच्या कॉलआधी लीडला एकटीला फोन करा. मराठी असेल तर मराठीत बोला. चॅटवरचा तो मेसेज वर सरकवून शोधा आणि विचारा, "एप्रिलमध्ये थोडं टाइट आहे म्हणाली होतीस, तेव्हा नक्की काय काय दिसत होतं तुला?" ती आधी म्हणेल, "काही नाही सर, ते असंच." तरी फोन ठेवू नका आणि मध्ये बोलूही नका.

– ताई